मौनकाळातले लाडू

पुरावा म्हणून नगराध्यक्षांच्या टेबलावर जी वस्तू ठेवली होती ती माझ्या आईनं केलेली होती, आणि सभागृहभर तिचा तुपाचा वास सुटला होता. निळ्या फुलांची चिनी मातीची एक खोलगट थाळी, तिच्यात डिंकाचे लाडू आणि थाळीच्या कानाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर जर्मनमध्ये 'आक्षेपार्ह वस्तू' असं लिहिलं होतं.

"काय लिवलं हाये वं?" आईनं माझ्या कानात विचारलं.

"तुझे लाडू आहेत, असं लिहिलंय."

"मंग बराबर हाये," आई म्हणाली आणि पदर सारखा करून ऐटीत बसली. अंगावर जांभळी पैठणी, वर माझा हिवाळी कोट, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर कोल्हापुरी चपला. आपल्यावर लाच दिल्याचा आरोप आहे हे तिला सकाळपासून दोनदा समजावून झालं होतं. तिला तो आरोप पटलाच नव्हता, त्यामुळे तो आपल्यावर नसून दुसऱ्या कुणावर तरी असावा, असा तिचा समज झाला होता.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी जर्मनीत लिंडहॉर्स्ट नावाच्या कंपनीत होते. वीज आणि गॅस दोन्ही विकणारी, युरोपातल्या अनेक देशांत हातपाय पसरलेली अवाढव्य कंपनी. तिच्या मुख्य कचेरीत एक विभाग होता, आणि स्पर्धेत आपलं स्थान कुठं आहे हे शोधून काढणं एवढंच त्या विभागाचं काम. कोण आपल्या पुढं गेलं, कोण मागं पडलं, कुठल्या शहरातले ग्राहक आपल्याला टाटा करून कुणाच्या गळ्यात पडले, याचे मी रंगीत नकाशे करायची. नकाशे सुंदर व्हायचे. खराखुरा ग्राहक मात्र मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. माझ्या लेखी ग्राहक म्हणजे ठिपका.

अशा मला एके दिवशी डॉ. ब्रिंकमान यांनी केबिनमध्ये बोलावलं. हे आमचे साहेब. उंच, सडपातळ, आणि इतके सभ्य की लिफ्टचीसुद्धा माफी मागतील.

"फ्राउ घोडमारे," ते म्हणाले (फ्राउ म्हणजे बाई), "काल्टनवाइलर गावाचा करार संपतोय. तिथं कंपनीची बाजू तुम्ही मांडावी, असं आम्ही ठरवलंय."

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

तिकडची पद्धत अशी की प्रत्येक गाव वीस वर्षांसाठी एका कंपनीशी करार करतं. गावावरून तारा कुणाच्या जाणार आणि रस्त्याखालून गॅसचे नळ कुणाचे, हे नगरपरिषद मतदान करून ठरवते. जी कंपनी जिंकेल ती राहते, बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा. काल्टनवाइलरमध्ये आमची कंपनी तीन पिढ्या होती. आता तिथं ओबरटाल नावाची एक नवी, चपळ कंपनी दंड थोपटून उभी राहिली होती. एवढी मोठी लढाई, आणि सेनापती मी! त्या दिवशी मी जमिनीवरून चालत घरी गेले नाही.

मी निघताना साहेबांनी सांगितलं होतं, "हरलात तर मात्र हा विभाग आणखी किती दिवस ठेवायचा, याचा विचार करावा लागेल." ते त्यांनी इतक्या मऊपणे सांगितलं की त्याचा अर्थ मला घरी पोचल्यावर लागला. विभाग गेला की नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा, आणि व्हिसा गेला की थेट हिंगणघाट. हिंगणघाटला आईनं माझ्यासाठी एक दंतवैद्य पाहून ठेवला होता.

म्हणजे मला जिंकायचंच होतं.

कंपनीनं मला गावातच एका गल्लीत खोली घेऊन दिली, आणि नेमकी त्याच वेळी आई आली. येताना तिनं बॅगेत डिंक, खारीक, खोबरं आणि गूळ आणला होता आणि डोक्यात एकच विषय. मी कराराची बोली लिहीत असले की ती समोर येऊन बसायची. "सोड ना पोरी ते गॅसचं. लोकाईच्या घरच्या चुली पेटवत बसली, आपली कवा पेटवशीन?"

"आई, हे संपू दे."

"संपलं की येशीन?"

"बघू."

"दंतवैद्य कोनासाठी थांबत नसते," ती म्हणायची आणि पुन्हा खोबरं किसायला लागायची.

बोली दाखल झाली आणि मौनकाळ लागला. मौनकाळ हा कायद्यातला शब्द. बोली दिल्यापासून मतदान होईपर्यंत स्पर्धक कंपन्या आणि नगरसेवक यांनी एकमेकांना काहीही द्यायचं नाही, एकमेकांकडून काही घ्यायचं नाही. साधं पेन नाही की कॉफीचा कप नाही. नियम घरच्यांनाही लागू. मोडला तर बोली बाद.

मी हा नियम तोंडपाठ केला होता. आईला सांगायचं तेवढं राहून गेलं. घरात बसून चुलीवरून टोमणे मारणाऱ्या बाईचा नगरपरिषदेशी काय संबंध येणार, असं मला वाटलं होतं.

आमच्या गल्लीत समोर फ्राउ वीलांड राहायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार, आणि नगरसेविका. परदेशी बाई एकटी खिडकीत बसलेली दिसते म्हणून त्यांनी एके सकाळी आलुबुखाराचा केक भाजून निळ्या फुलांच्या थाळीतून आईला आणून दिला. मी कामाला गेले होते. आईनं केक चवीनं खाल्ला, थाळी घासली, पुसली आणि मग तिच्यासमोर तो प्रश्न उभा राहिला जो आपल्याकडच्या कुठल्याही बाईसमोर उभा राहील. शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं?

तिनं माझ्यासाठी आणलेला सगळा डिंक तळला. लाडू वळले. थाळी भरून समोरच्या घरी गेली, आधी स्वतःच्या गुडघ्याला हात लावला, मग लाडवाकडे बोट दाखवलं आणि मग दोन्ही हात उंचावून नाचल्यासारखं केलं. फ्राउ वीलांडना सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावरची ती थाळी ओबरटाल कंपनीच्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्रोल यांनी पाहिली. तेही आमच्याच गल्लीत राहायचे आणि चर्चच्या वर्गणीसाठी त्यांच्याकडे आले होते. ते वर्गणी विसरले आणि थेट नगरपालिकेत तक्रार द्यायला गेले.

तर अशी ती थाळी टेबलावर आली होती आणि आम्ही दोघी समोरच्या बाकावर.

सभा सुरू व्हायच्या आधी डॉ. ब्रिंकमान मला बाजूला घेऊन गेले. ते खास मुख्य कचेरीतून आले होते. मला वाटलं, आता माझी चामडी सोलणार. पण त्यांचा चेहरा चक्क प्रसन्न होता.

"फ्राउ घोडमारे, मनाला लावून घेऊ नका. चूक झाली, ती मान्य करा. शांतपणे बोली मागं घेऊ. मान राखून हरणं हीसुद्धा एक कला आहे."

"पण साहेब, माझ्या आईनं लाच दिलेली नाही."

"प्रश्न लाडवांचा नाही, प्रश्न शोभेचा आहे," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटून पुढच्या रांगेत जाऊन बसले. किती घाबरट माणूस, असं माझ्या मनात आलं. युरोपभर वीज विकता आणि गावच्या नगरपरिषदेपुढं पाय लटपटतात!

हेर क्रोल उभे राहिले. गोल चेहऱ्याचा, लाल मिशांचा, खरं तर हसरा वाटणारा माणूस, पण त्या दिवशी सरकारी वकिलाच्या थाटात होता.

"सन्माननीय सदस्यहो, लिंडहॉर्स्ट कंपनीच्या प्रतिनिधीच्या आईनं मौनकाळात एका नगरसेविकेला ही वस्तू दिली. मी चौकशी केली आहे. हिच्यात चक्क झाडाचा चीक आहे."

"चीक?" नगराध्यक्षांनी थाळी जवळ ओढली. ते जाडजूड होते आणि त्यांना नुकतंच डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी लाडू हुंगला. डोळे मिटले. परत हुंगला.

"डिंक," मी उभी राहून सांगितलं. "खाण्याचा असतो. तुपात तळला की फुलतो."

"तळलेला चीक," क्रोल म्हणाले. "नगरसेविकेला तळलेला चीक का द्यावा लागला, याचं उत्तर कंपनीनं द्यावं."

"गुडघ्यांसाठी," फ्राउ वीलांड बसल्या जागेवरून ओरडल्या. "आणि मी आज जिना चढून आले आहे! लिफ्टनं नाही!"

टाळ्या पडल्या. नगराध्यक्षांनी हातोडी आपटली. तेवढ्यात एका म्हाताऱ्या सदस्यानं 'वस्तूची तपासणी व्हायला हवी' असं म्हणून लाडवाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. शेजाऱ्यानं त्याची तपासणी बरोबर झाली की नाही हे तपासण्यासाठी दुसरा तुकडा मोडला. थाळी हळूहळू टेबलावरून सरकत गेली. क्रोल ओरडत होते, "तो पुरावा आहे! पुरावा खाऊ नका!" आणि पुरावा आपल्या गतीनं कमी होत चालला होता.

"बाईंची साक्ष घेऊ," नगराध्यक्ष म्हणाले. त्यांच्या मिशीला खोबरं लागलं होतं. "फ्राउ घोडमारे, तुम्ही भाषांतर करा."

आई उभी राहिली. तिनं सगळ्यांना नमस्कार केला. काही सदस्यांनी तिला परत नमस्कार केला.

"तुम्ही ही वस्तू का दिलीत?"

मी विचारलं. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी कायले देऊ? मी परत केलं. त्या बाईनं केक देल्ला, मी थाळी परत केली. भांडं रिकामं पाठवते का कोनी? माह्या मायनं मले हे शिकवलं का?"

मी शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. शेवटचा प्रश्नसुद्धा सांगितला. सभागृहातल्या बऱ्याच बायकांनी माना हलवल्या.

"म्हणजे पहिली भेटवस्तू नगरसेविकेनं दिली?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"हो," फ्राउ वीलांड म्हणाल्या. "केक. मीच दिला. एकटी बाई खिडकीत बसायची."

"तेही नियमात बसत नाही," क्रोल घाईनं म्हणाले. "नियम म्हणजे नियम. द्यायचं नाही, घ्यायचं नाही. कुणीच नाही!"

आई आतापर्यंत त्यांच्याकडे नीट पाहतच नव्हती. बोलणाऱ्याचा आवाज चढला तशी तिनं मान वळवली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अवं चित्रा! हा तं काकडीवाल्या बाईचा नवरा!"

"कोण काकडीवाली?"

"ते नाई का, कोपऱ्यावरच्या घरची. तिनं मले आंबट काकडीची बरनी देल्ली. तशीच समोरच्या बाईलेबी देल्ली, मी चाखली ना तिच्याकडे. गेल्याच हप्त्यात. आन् मी बरनी भरून लिंबाचं लोनचं परत केलं. इचार त्याले, खाल्लं का नाई!"

गेल्याच आठवड्यात, म्हणजे मौनकाळात, ओबरटाल कंपनीच्या माणसाच्या घरून नगरसेविकेला काकडीची बरणी गेली होती. हे मी आता मोठ्यानं सांगितलं की क्रोल यांचा नियम क्रोल यांच्याच गळ्याला लागणार होता.

पुढच्या रांगेतून डॉ. ब्रिंकमान मागं वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा सभ्यपणा थोडा सुटला होता. ते दबक्या आवाजात म्हणाले, "त्याचं भाषांतर करू नका."

"का?"

"कुणाच्या बायकोला मध्ये ओढणं शोभत नाही. गप्प राहा. मी सांगतोय."

ते साहेब होते. त्यांनी सांगितलं होतं. शेजारी आई भाषांतराची वाट बघत, हात कमरेवर ठेवून उभी होती. आपण जे बोललो ते आपली शिकलेली पोर जसंच्या तसं सांगणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मी सांगून टाकलं. काकडी, बरणी, समोरच्या बाई, लिंबाचं लोणचं, सगळं.

मग फ्राउ वीलांड कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे खरंच की! उटेच्या, यांच्या बायकोच्या, काकड्या! अजून अर्धी बरणी आहे माझ्याकडे!"

क्रोल यांचा चेहरा मिशांइतका लाल झाला. "ते... ते तर दरवर्षी देतो आम्ही. सगळ्या गल्लीला. ती काय लाच आहे?"

"मग लाडू?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"आणि लोणचं?" मागून कुणीतरी विचारलं. "लोणचं खाल्लंत की नाही ते सांगा आधी!"

क्रोल बराच वेळ चपलांकडे, आईच्या चपलांकडे, बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "सॉसेजबरोबर फार छान लागतं."

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. लोक बाकांवर थापा मारत होते. नगराध्यक्षांनी हातोडी शोधली तर ती सापडेना, तेव्हा त्यांनी रिकामी थाळीच चमच्यानं वाजवली आणि निकाल दिला. दोन्ही कंपन्यांनी दिलं, दोन्ही बाजूंनी घेतलं, नियम काटेकोर लावला तर दोन्ही बोल्या बाद, आणि मग हिवाळ्यात गावाला ऊब द्यायला कोण येणार? तक्रार फेटाळली. मतदान आत्ता. हात वर करा.

लिंडहॉर्स्टसाठी जवळजवळ सगळे हात वर गेले. फ्राउ वीलांड यांनी दोन्ही वर केले, एकच मोजला गेला. क्रोल उठले आणि त्यांनी आईशी हस्तांदोलन केलं. आईनं त्यांना बायकोला बरणी परत पाठवायला सांग, म्हणजे पुन्हा भरून देते, असं बजावलं. मी तेही भाषांतर केलं. मी हवेत होते. आमची कंपनी जिंकली होती, माझी नोकरी राहिली होती, आणि हे सगळं माझ्या तोंडून झालं होतं.

मी धावत नगरपालिकेच्या पायऱ्यांवर आले. बाहेर दुपारचं फिकट ऊन होतं. डॉ. ब्रिंकमान खालच्या पायरीवर उभे होते आणि घरातलं कुणी आजारी असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"साहेब, जिंकलो!"

"हो," ते म्हणाले. "दुर्दैवानं."

मला वाटलं, माझं जर्मन कच्चं आहे. पण त्यांनी तोच शब्द पुन्हा उच्चारला. मग, आता लपवून काही उपयोग नाही असं वाटून की काय, सगळं सांगितलं. या गावाखालचे नळ आजोबांच्या काळातले. सगळं गाव खणून ते बदलावे लागणार, आणि गावात माणसं ती किती. कंपनीला अशा लहान गावांतून अंग काढून घ्यायचं होतं. पण आपण होऊन निघालो असतो तर आजूबाजूची सगळी गावं बिथरली असती आणि लिंडहॉर्स्ट पाय मागं घेते, अशी बोंब ओबरटालनं देशभर ठोकली असती. स्पर्धेत हरलो तर कुणी काही म्हणत नाही. म्हणून हरायचं ठरलं होतं.

"पण मग मला कशाला पाठवलंत?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर समजलं.

ते सभ्य होते. त्यांनी फक्त टाय सारखा केला.

वरून आई आली. धाप लागली होती, चेहरा फुलला होता. "काय म्हनते साहेब? खुश हाये ना?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. पण सकाळपासून मी इतकं खरं भाषांतर केलं होतं की तोंडाला तीच सवय लागली होती.

"आई, यांना हरायचं होतं. ही पोरगी नक्की हरेल म्हणून मला पाठवलं होतं."

आईनं साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. रागानं नव्हे, कीव आल्यासारखं.

"मंग चुकीच्या बाईले पाठवलं ना बाप्पा त्यानं."

मी हसायला लागले. इतकी हसले की पायरीवर बसले. कितीतरी वेळ हसत होते. मग उठले आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, करार वीस वर्षांचा आहे. इथं कुणाला तरी बसवावं लागेल."

"ते नंतर बघू."

"बघायचं काय? मला बसवा."

"इथं?" ते खरोखर दचकले. "फ्राउ घोडमारे, इथं खड्डे आहेत आणि म्हातारी माणसं आहेत. इथून पुढं कुणी वर जात नाही."

"मला वर नाही जायचं. मला ते नळ बदलायचेत. सगळे."

त्यांनी पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. नकाशे करणारी मुलगी म्हणून नव्हे. "ठीक आहे," ते म्हणाले, "पण मग पूर्ण वीस वर्षं. मध्येच सोडून जाता येणार नाही."

"कबूल," मी म्हटलं आणि त्यांच्या हातात हात दिला.

"आता काय बोलून राहिली त्याच्यासंगं?" आईनं माझी बाही ओढली.

"मी इथंच राहते म्हटलं, आई. हे गाव मी सांभाळणार."

"किती दिवस?"

"वीस वर्षं."

तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे एकदम थांबले. तिला सगळा हिशोब लागला. थाळी, लाडू, साक्ष, काकडीची बरणी. आज ती गप्प बसली असती तर पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर विमानात असते.

"म्हंजे," ती हळूच म्हणाली, "मीच माह्या हातानं तुले इथं बसवून चालली."

तिनं माझ्या कोटाचं, म्हणजे तिच्या अंगावर असलेल्या माझ्या कोटाचं, बटण काढलं, कोट उतरवला आणि माझ्या खांद्यांवर घातला.

"घाल," ती म्हणाली. "वीस वर्षं थंडीत काढाची हाये तुले."